डबलबेलबाईंच्या तीन शिट्ट्या

अठ्ठावीस वर्षं बसमध्ये उभ्याने कंडक्टरकी केलेली बाई निवृत्त झाली म्हणून गप्प बसेल, असं तिच्या सुनेला वाटलं होतं. भोळी बिचारी. सकाळी चहाला माणसं जमली की बाई डोकी मोजायच्या. घरात माणसं तीन, त्यात मोजायचं काय? पण बाई मोजायच्या, आणि मुलगा न्हाणीघरात असला तर "एक कमी आहे" म्हणून चहा अडवून धरायच्या. शेवटी सून हात जोडून म्हणाली, "आई, बाहेर काहीतरी उद्योग काढा. नाहीतर मी बसखाली जाईन."

उद्योग जिन्यातच बसला होता. इमारतीसमोरचं मैदान मुलांनी बळकावलेलं, आणि दहा-बारा वर्षांच्या मुली पायऱ्यांवर मोबाईलमध्ये डोकी घालून बसलेल्या. एका रविवारी बाई त्यांना म्हणाल्या, "चला गं, शेवटच्या स्टॉपपर्यंत बसने जाऊ आणि चालत परत येऊ." पाच जणी आल्या. पुढच्या रविवारी आठ झाल्या, मग बारा.

साहस म्हटलं की लोकांना दोर आणि कडे आठवतात. बाईंचं साहस त्या मानाने फारच घरगुती. पावलं मोजून रस्त्याचा नकाशा काढायचा. डोळ्यांवर ओढणी बांधून, दोरीला धरून झाडांमधून चालायचं. तीन दगड मांडून एका काडीत चूल पेटवायची आणि बटाटे उकडायचे. दुसरी काडी मागितली तर बटाटे कच्चे खायचे. शेवटच्या स्टॉपमागच्या झाडीत एक ओढा आहे, तो येतो कुठून ते बघायला त्याच्या काठाने वर वर जायचं आणि भूक लागली की परत फिरायचं. त्या ओढ्याचा उगम अजून कोणी पाहिलेला नाही, कारण भूक दर वेळी आधी लागते.

बाईंच्या गळ्यात शिट्टी. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. बसच्या घंटेची दोरी ओढून ओढून हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. मुली त्यांना पाठीमागे डबलबेलबाई म्हणायच्या आणि मग तोंडावरही म्हणायला लागल्या. तीन शिट्ट्या मात्र बसमधल्या नव्हेत, ती बाईंची स्वतःची भर. तीन वाजल्या की जिथे असाल तिथे खाली बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. जी सगळ्यात जास्त वेळ बसेल ती जिंकली. आता मुली कसल्या वस्ताद! दोन थोरल्या मुली बाईंचा आवाज काढून "झालं गं, उठा" असं ओरडायच्या आणि बाकीच्यांना बाद करायच्या. म्हणून बाईंनी नियम केला, की कोणाच्याही हाकेला उठायचं नाही, अगदी माझ्यासुद्धा. उठायचं ते फक्त डबल बेलला.

या खेळात दर वेळी पहिली बाद व्हायची ती भिंगरी. वय वर्षं दहा. एका जागी दोन मिनिटं टिकली तर इमारत पेढे वाटेल, अशी तिची ख्याती. तिची आई दवाखान्यात नर्स, एकटीच पोरीला वाढवणारी. शाळेच्या वहीत वर्गबाईंची, सरांची, पेटीवाल्या गुरुजींचीही एकच तक्रार, ‘स्वस्थ बसत नाही.’ रोज संध्याकाळी ती माउली वही उघडायची आणि तक्रारीखाली सही करायची. भिंगरीला गटात घ्यायला बाईही फारशा उत्सुक नव्हत्या. पण आई म्हणाली, "हिला सगळीकडून परत पाठवतात हो. तुम्ही तरी नका पाठवू." मग बाईंनी तिला घेतलं.

इमारतीच्या सेक्रेटरींना हे सगळंच नापसंत होतं. "पोरींना रानात नेता. उद्या एखादी हरवली तर?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं. बाईंचं डोकं तापलं. "बारा नेते, बारा आणते. एक जरी कमी पडली तर शिट्टी खुंटीला टांगेन," असं त्या बोलून गेल्या. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो, पण बाई बोललेलं पाळणाऱ्यातल्या होत्या.

तर त्या रविवारी झाडीत तीन शिट्ट्या वाजल्या आणि बाराजणी बारा दिशांना जाऊन बसल्या. दहा मिनिटं झाली नाहीत तोच किंकाळी आली. सगळ्यात उंच मुलगी लाल मुंग्यांच्या वारुळावर बसली होती. बाई धावल्या, तिचे पाय झटकले, "चला गं, उठा सगळ्या, ओढ्यावर चला" असं ओरडल्या आणि तिला घेऊन पाण्याकडे निघाल्या. तिची रडारड समोर दिसत होती, म्हणून नियम विसरून बाकीच्याही मागे धावल्या. पाय धुवून झाले, रडणं थांबलं, डबे उघडले. मग बाईंनी सवयीने डोकी मोजली. अकरा.

पुन्हा मोजली. अकराच. भिंगरी नव्हती.

बाईंना आधी राग आला, खोटं कशाला सांगू. गेली असणार फुलपाखरामागे, हिला म्हणून आणायचं नव्हतं, असं त्या पुटपुटल्या. परत झाडीत येऊन त्यांनी हाका मारल्या. सगळ्यांनी मारल्या. काही उत्तर नाही. ओढ्याचं पाणी गुडघाभर, पण गुडघाभर पाण्यानेही काय काय होतं ते बाईंना त्या क्षणी आठवायला लागलं. दवाखान्यातून येऊन फाटकाशी उभी राहणारी तिची आई डोळ्यांपुढे आली. काय सांगायचं तिला? त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली. तीनदा. थोडं पुढे जाऊन परत तीनदा. असं अर्धा तास चाललं.

शेवटी बाई मागे वळल्या तर अकराच्या अकरा जणी पालापाचोळ्यात मांडी घालून बसलेल्या.

"अगं, मैत्रीण हरवली आणि तुम्ही बसता काय? लाज नाही वाटत?"

मुंग्या चावलेली हळूच म्हणाली, "तुम्हीच तीन वाजवताय ना, बाई. दर वेळी बसतो आणि तुम्ही पुढे गेलात की उठून मागे येतो."

बाईंनी कपाळावर हात मारला. खेळ संपल्याची डबल बेल त्यांनी दिलीच नव्हती. नुसत्या ओरडल्या होत्या, आणि त्यांच्या ओरडण्याला उठायचं नाही हा नियम त्यांचाच. वर अर्धा तास त्या पोरीला बजावत होत्या, बस, हलू नकोस, बोलू नकोस.

त्यांनी शिट्टी उचलली आणि दोनदा वाजवली.

तीसेक पावलांवर एक मोठा खडक होता. त्याच्यामागून भिंगरी निघाली. केसांत काटक्या, पायाला मुंग्या आलेल्या, लंगडत लंगडत आली आणि म्हणाली, "बाई, आज मी जिंकले ना? मला वाटलं, तुम्ही मला उठवायला खोट्या हाका मारताय. पण मी फसलेच नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मटकन खाली बसल्या आणि भिंगरीला पोटाशी धरून इतक्या रडल्या की बाकीच्या मुली घाबरल्या. "जिंकलीस गं बाई, जिंकलीस," एवढंच त्या म्हणत होत्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी बाराजणींना नऊ वेळा मोजलं.

फाटकाशी आई उभीच होती. लेकीचे केस आणि बाईंचे सुजलेले डोळे बघून तिनं नेहमीसारखी मान खाली घातली. "काय केलं हिनं?"

"हिनं काही केलं नाही. चूक माझी झाली," बाई म्हणाल्या आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मग गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात ठेवली. "सेक्रेटरींना दिलेला शब्द आहे. एक कमी पडली होती. आता तुम्ही सांगा, मी ही खुंटीला टांगू का?"

आईचं शिट्टीकडे लक्षच नव्हतं. "किती वेळ बसली होती म्हणालात?"

"तास. पाच मिनिटं कमी."

"एका जागी? आमची?"

"एका जागी. हूं की चूं नाही."

आई पायरीवर टेकली. थोडा वेळ ती हसत होती की रडत होती ते बाईंना समजेना. मग तिनं लेकीला वर पिटाळून शाळेची वही आणवली, बाईंपुढे धरली आणि म्हणाली, "हे इथे लिहून द्या. खाली सही करा."

बाईंनी चष्मा लावला. तारीख घातली, वेळ घातली आणि बसचा अहवाल लिहावा तसं ठळक अक्षरात लिहिलं, ‘आज पंचावन्न मिनिटं स्वस्थ बसली.’ आईनं ते दोनदा वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि शिट्टी बाईंच्या गळ्यात परत अडकवली. "पुढच्या रविवारी माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी आले तर चालेल का?"

बाईंची सही होईपर्यंत भिंगरी जिन्यावरून चार वेळा वरखाली जाऊन आली होती.