पट्टा कुठे लिहिलाय?

आमच्या खडकीच्या क्वार्टरमध्ये त्या रविवारी दुपारी जी मारामारी झाली, तिच्यापुढे मी जिथे नोकरी करतो त्या दारूगोळ्याच्या कारखान्यानेही मान खाली घालावी. माझ्या सांगण्यात तिखटमीठ असतं, हे नातेवाइकांना ठाऊक आहे. पण फरशीवरचं रक्त माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. त्यात भर घालायची गरज नाही.

तिला लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू असल्या की वर्षानुवर्षं काही नाही; बेकरीत नोकरी करायची, वर मलाच शहाणपण शिकवायची. मग आईला कुणीतरी एका नव्या प्रार्थनासभेला नेलं. तिथले गृहस्थ स्वतःला प्रेषित म्हणवत. आवाज असा की कात्रजच्या सर्पोद्यानातले साप बिळात शिरावेत. अध्याय, वचन, सगळं तोंडपाठ. आणि आम्हा ख्रिस्ती घरांची एक खोड आहे: देवाच्या सेवकाने वचन सांगितलं की डोळे मिटून 'आमेन' म्हणायचं. त्याच्यासमोर बायबल उघडून पडताळणं म्हणजे जेवायला आलेल्या पाहुण्याचे खिसे तपासणं.

प्रेषित म्हणाले, "हा दुष्ट आत्मा आहे. गोळी म्हणजे अविश्वास. मार्क, अध्याय नऊ: येशूने फिट येणाऱ्या मुलातून आत्मा काढला."

आई म्हणाली, "आमेन," आणि गोळ्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. बहीण भांडली, तर तो आत्म्याचा विरोध ठरला. मी ओरडलो, तर थोडासा आत्मा माझ्यातही निघाला.

त्या रविवारी प्रेषित दोन दांडगे चेले घेऊन घरी आले. प्रार्थना सुरू झाली आणि बहीण कोसळली. हातपाय झाडायला लागली.

"सोड हिला!" प्रेषित गरजले आणि तिच्या थोबाडीत मारली. आत्म्याला, म्हणे. एक चेला तिच्या पायांवर बसला. प्रेषितांनी कमरेचा पट्टा काढला. पहिल्याच फटक्याला तिचा ओठ फाटला. डोकं फरशीवर आपटत होतं आणि पट्टा खांद्यावर, मानेवर, पाठीवर.

पुढचं मी मित्रांना सांगतो ते असं: माझ्या एका ठोशात दोन्ही चेले आडवे, आणि त्या आवाजाने खडकी स्टेशनात शिरणाऱ्या लोकलने ब्रेक दाबला. घडलं ते असं: पायांवर बसलेल्याच्या नाकावर मी कुकरचं झाकण हाणलं. हाड मोडलेलं मला हाताला कळलं. दुसऱ्याने माझा कान चावला, मला पाडलं आणि माझ्या छातीवर बसून गळा दाबला.

तेव्हा आई उठली. मला वाटलं पाणी आणेल. तिने फ्रिजवरचं बायबल उचललं.

"प्रेषित, जरा थांबा. मारायचं कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखवा."

"बाई, वाचून आत्मे निघत नाहीत. अभिषेक लागतो."

"अभिषेक राहू द्या. बोट ठेवा."

पट्टा पुन्हा वर गेला. आई मध्ये शिरली. फटका मनगटावर बसला, कातडी सोलली, पण पुस्तक सुटलं नाही. ती मोठ्याने वाचायला लागली, रविवारच्या शाळेत पोरांना वाचून दाखवायची तशी. आत्मा निघाला तसा तो फिट येणारा मुलगा मेल्यासारखा पडला, लोक म्हणाले मेलाच. मग येशूने त्याचा हात धरून त्याला उठवलं.

"तिथं आत्मा लिहिलाय की नाही?" प्रेषित ओरडले.

"लिहिलाय. पट्टा नाही लिहिलेला." तिने भराभर मागची पानं उलटली. "आणि दुखणाइताला वैद्य लागतो, हेही इथेच आहे, खुद्द येशूच्या तोंडी. ते बरं कधी सांगितलं नाहीत!"

माझ्या गळ्यावरची बोटं सैल झाली. छातीवरच्या चेल्याने मान वळवून विचारलं, "कुठलं पान, मावशी?"

प्रेषितांचा चेहरा जांभळा पडला. "या घरावर शाप येईल!"

"हो का? कुठला अध्याय?"

एका हातात पट्टा, दुसऱ्या हाताने घसरती पँट धरून प्रेषित जिना उतरले. मागून नाक धरलेला चेला. दुसरा माझ्या छातीवरून उठून आईच्या पुस्तकात डोकावत होता.

बहिणीचे झटके थांबले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. आई रक्तात गुडघे टेकून बसली आणि नुकतंच वाचलं होतं तसा तिने हात पुढे केला. बहिणीने त्या हाताकडे पाहिलं, तोंडातलं रक्त बाजूला थुंकलं.

"हात नंतर धर, आई. आधी गोळी दे."

आईकडे गोळी नव्हती. मी रिक्षा आणायला पळालो.