पुस्तक मिटून सांगायचं

जबलपुरातल्या आमच्या चेरीतालच्या घरात वर सत्यवतीताई राहतात, खाली मी, आणि मधल्या जिन्यात आमची रोज एकदा तरी जुंपते. कारण एकच, त्यांना चूक सहन होत नाही. गणपतीच्या आरतीत कुणी शब्द चुकवला की त्या टाळ्या थांबवून तो दुरुस्त करतात. देव ताटकळला तरी चालेल. एकदा मी 'वर आली होती' म्हणाले, तर हातात तापलेलं पातेलं असताना मला जिन्यात अडवून 'आले होते' म्हणायला लावलं. माझ्यासारखी जबलपुरात जन्मलेली, नागपूरकडच्या आईबापांची बाई दुसरं कसं बोलणार? पण हे त्यांना कोण सांगणार!

ताईंनी फॅक्टरीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून उभा जन्म नोकरी केली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, मोहनला, शिकवून रेल्वेत चिकटवलं. रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या खोलीत पुस्तकांचं कपाट उघडून बसायच्या. हळूहळू तिथं कुणी येईनासं झालं. आमची पोरं मराठी समजतात, पण पुस्तक हातात दिलं की तोंड वाकडं करतात. शेवटी मंडळानं ती खोली मंडपवाल्याला सामान ठेवायला दिली, तेव्हा ताईंनी हातगाडी बोलावून सगळी पुस्तकं घरी आणली. ती वर चढवताना माझी कंबर धरली होती, हे मी अजून त्यांना ऐकवते.

मोहननं दमोहकडच्या प्रतिमाशी लग्न केलं. मुलगी गोड होती, गप्पिष्ट होती. ताई तिच्याशी हट्टानं मराठीत बोलायच्या आणि ती हसत हसत हिंदीत उत्तर द्यायची. दोघींचं तसं बरं चाललं होतं. मग मोहनच्या नोकरीच्या गावी, बिलासपूरला, प्रतिमाला ताप आला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या आणि ती गेली. मोहनची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. तो मुलीला, प्रणालीला, ताईंकडे सोडून गेला. तेव्हा ती तेरा पुरी करून चौदाव्यात होती.

इथंच अधारतालच्या एका शाळेत तिचं नाव घातलं. पोरगी रोज सकाळी ऑटोत बसायची आणि शाळेचं फाटक दिसलं की उलटी करायची. ऑटोवाला आधी ओरडला, मग त्यालाही दया यायला लागली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. ते आम्हालाही कळत होतं. एक दिवस ताईंनी शाळेतून नाव काढलं आणि मला सांगितलं, "मी हिला घरी शिकवणार. पुस्तकं वाचून. दहावी ओपन बोर्डातून देईल."

"ताई, एवढी मोठी मुलगी आता गोष्टी ऐकत बसणार आहे का?" मी म्हटलं.

"मोठी झाली म्हणूनच ऐकायला हवं," त्या म्हणाल्या. त्यांनी कुठं कुठं घरी शिकवणाऱ्या आयांचे व्हिडिओ बघितले होते. रीत सोपी होती. रोज दुपारी चहा झाला की ताई मोठ्यानं वाचणार. प्रणालीनं ऐकायचं, हवं तर विणत बसायचं, चित्रं काढायची. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि जे ऐकलं ते तिनं आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्न नाही, उत्तर नाही, मार्क नाहीत.

पहिल्या दिवशी प्रणाली पेन्सिल घेऊनच बसली. "आत्या, इसमें से क्या आएगा?"

"काही येणार नाही. ऐक नुसतं."

"तो अंडरलाइन क्या करूँ?"

मी दारात उभी होते, मला हसू फुटलं. पण बिचारीचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं शाळेनं तिला एवढंच शिकवलं होतं, की पानात उत्तर लपलेलं असतं आणि ते शोधून रेघ मारली की पान संपलं. सांग म्हटल्यावर ती उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरू झाली, "प्रस्तुत पाठ में लेखक कहना चाहते हैं..."

"बस बाई, बस," ताई म्हणाल्या. "बसून सांग. तुझ्या शब्दांत. आणि मराठीत सांग. या घरात मराठीत."

इथं घोळ झाला, आणि आम्हा इकडच्या मराठी लोकांच्याच हातून व्हावा असा. प्रणालीला मराठी सगळं कळायचं. बोलताना मात्र दुसऱ्या शब्दाला अडायची. ती "वो लड़का गेला... नंतर त्याने..." असं सुरू करायची, ताई शब्द दुरुस्त करायच्या, ती पुन्हा म्हणायची, ताई पुन्हा दुरुस्त करायच्या, आणि तोवर गोष्ट निघून जायची. काही दिवसांनी तिनं सांगणंच सोडलं. ऐकायची, विणायची, पुस्तक मिटलं की मान खाली.

ताईंनी हार मानली नाही हे मी बघितलंय. आवाज बसेपर्यंत वाचायच्या. प्रवासाची पुस्तकं, शिकारीची, समुद्राची. घसा शेकायचा आणि पुन्हा वाचायचं. "ही भाषा गेली तर हिच्याकडे आपलं काय राहील, क्षमा?" असं एकदा त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. मी तेव्हा भांडले नाही.

थंडीत त्यांनी एक जुनी कादंबरी काढली. नावाड्याच्या मुलीची. पलीकडच्या तीरावर तिची आई आजारी आहे, नदीला पूर आलाय, आणि मुलगी एकटी पाण्यात होडी घालते. ताईंना पुढचं आठवत नव्हतं. वाचता वाचता मुलगी तीरावर पोचली, आणि तिथं लोक जमलेले होते. आई गेली होती. ताईंनी पदरानं डोळे पुसले. प्रणालीच्या सुया चालूच होत्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"सांगतेस, बेटा?" ताईंनी विचारलं. प्रणालीनं मान हलवली, नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी मोहनला फोन केला. "माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं रे. ऐकते, पण आत काही जात नाही. तू तुझ्या हिशेबानं बघ." घाईत असल्या, खचल्या, की ताईंच्या तोंडीही आमचीच मराठी येते. मोहनला तेवढंच हवं होतं. त्यानं रायपूरच्या एका हॉस्टेलात जागा बघितली, कोचिंगही तिथंच. आठवड्याभरात कळवलं, पक्कं केलं.

याच दिवसांत मटार स्वस्त होतो. जबलपुरात घरोघरी गच्चीवर मटाराचे ढीग पडतात, सोलून वर्षभराचे फ्रीजमध्ये भरायचे म्हणून. मी प्रणालीला हाताशी घेतलं. ऊन छान होतं. शेंगा सोलता सोलता मी सहज विचारलं, "काहून गं, ती नावेवाली गोष्ट काय होती? तुझी आत्या रडून राहिली होती त्या दिवशी."

तिनं जिन्याकडे बघितलं. मग हळू आवाजात सुरू झाली. हिंदीत. आधी सपाट, मग तिच्या बोलण्यात दमोहची बोली उतरायला लागली. होडी कशी कलली, वल्हं कसं निसटलं, पाण्यात म्हैस वाहत आली. तिचे हात हवेत होते, मटाराचे दाणे गच्चीभर. "फिर जानत हो का भओ, आंटी?" ती म्हणाली, आणि माझ्या अंगावर काटा आला. प्रतिमा अगदी अशीच सांगायची. हीच मान, हाच सूर.

तेवढ्यात मला ताई दिसल्या. हातात पुस्तक घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

प्रणालीच्या गोष्टीत मुलगी तीरावर पोचली. आई घाटावर बसली होती, ठणठणीत, आणि रागावून म्हणत होती, "इत्ती देर काय लगा दी? रोटी ठंडी हो गई."

पुस्तकात तसं नव्हतं, आणि आरतीतला शब्द न सोडणारी बाई तिथं उभी होती. प्रणालीनं मागं वळून बघितलं. ती गोष्ट सोडून सांडलेले दाणे वेचायला लागली.

ताई पुढं आल्या. गुडघे दुखत असताना खाली चटईवर बसल्या, पुस्तक बाजूला ठेवलं, एक शेंग उचलली. आणि त्या घरात कधी नव्हे ते हिंदीत म्हणाल्या, "फिर?"

प्रणाली बघतच राहिली. मग म्हणाली, "फिर अम्मा ने उसको खाना परसा।" आणि ताई मटार सोलत, नाक पुसत ऐकत राहिल्या. मराठीचा हट्ट धरता धरता आपण या पोरीच्या आईचा आवाजही बंद करत होतो, हे त्यांना त्या चटईवर कळलं. मला तसं त्यांनीच नंतर सांगितलं.

प्रणालीनं पुढचे काही दिवस सगळी पुस्तकं सांगितली. समुद्राची, शिकारीची, ताई 'आत काही जात नाही' म्हणायच्या ती एकूण एक. सगळं आत होतं.

ताईंनी मोहनला फोन केला. मी शेजारी होते. "राहू दे रे तिला. ती बोलून राहिली. सगळं सांगते."

"मराठीत?"

"हिंदीत. तिच्या आईसारखं."

मोहनचा आवाज बदलला. "ताई, हिंदीत बोलायला तिला तुझ्याकडे ठेवायची काय गरज? तूच म्हणाली, होत नाही. आता सगळं ठरलं. तिला नववीत बसवायचं आहे." मला वाटतं, बायकोचं नाव काढलं म्हणून त्याचं काळीज हललं असावं, पण तो मागे फिरला नाही. नोकरीभर साहेबांशी भांडलेल्या ताईंनी भावापुढे 'बरं' म्हणून फोन ठेवला.

स्टेशनवर ताईंनी नावाड्याच्या मुलीचं पुस्तक तिच्या बॅगेत घातलं. प्रणालीनं चेन उघडली, ते काढून परत त्यांच्या हातात दिलं.

"इसको यहीं रहने दो, आत्या। वहाँ इस पे भी सवाल पूछेंगे।"

हॉस्टेलात रविवारी फोन मिळतो. पहिल्या रविवारी ताईंनी मला वर बोलावलं, स्पीकर लावला. "जेवलीस का? काय होतं जेवायला?" त्यांनी मराठीत विचारलं, आणि लगेच, सावरून, "खाना खाया बेटा?"

"हाँ।"

"पढ़ाई?"

"ठीक है।"

ताईंनी पुस्तक मांडीवर घट्ट धरलं होतं. फोनजवळ तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "फिर?"

"फिर कुछ नहीं, आत्या," प्रणाली म्हणाली. मागे कुणीतरी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.