निळ्या कॅनमधलं गोडं पाणी

या अल्ला! दार उघडलं आणि माझ्या हातातली पिशवीच गळाली. काचेच्या टाकीतली कोरलं, म्हणजे समुद्रातली जिवंत पोवळी, एरवी फुलून डोलणारी, पार मिटून सुरकुतलेली. आणि आमच्या मियांचे दोन लाडके गोबी मासे वाळूवर पडून धापा टाकतायत! रोह्याला लेकीचं, तस्नीमचं बाळंतपण उरकून, नातीचं तोंड बघून हसत पेणला आलो होतो, आणि घरात हे!

टाकीसमोर हैबतदादा बसलेले. घराची चावी आम्हीच त्यांच्याकडं दिली होती.

हैबतदादा म्हणजे आमचे शेजारी. सगळा जन्म मिठागरावर गेला. एका उधाणात मिठागराचा बांध फुटला, मालकानं तो परत बांधलाच नाय, आणि हा माणूस पडवीत बसला तो बसलाच. त्यांची बायको मैना म्हणायची, "हाजरा, यांच्या तोंडातून दिवसभर शब्द निघत नाय गो."

मग आमचे अय्यूबमियां आखातातून कायमचे परतले. लोक सोनं आणतात, यांनी पंप आणि दिवे आणले! तिकडं मालकाची समुद्री टाकी सांभाळायचे, तेच वेड घेऊन आले. मी कपाळाला हात लावला. पण हैबतदादा टाकी बघायला आले, पाण्यात बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "बरोब्बर समुद्राचं हाय." त्या दिवसापासून रोज हजेरी. गोबी आपल्या खाडीतल्या निवटीच्या जातीचे, बोटाएवढे, वाळूत बीळ करून राहणारे. दादांनी त्यांची नावंपण ठेवली, बारका आणि बारकी.

अय्यूबमियांनी त्यांना सगळं शिकवलं. गोबी उडी मारतात, म्हणून वर जाळी हवीच. मोठ्या तोंडाचं कोरल त्यांच्याजवळ ठेवायचं नाय, गिळून टाकतं. आणि निघताना दोनदा बजावलं, "दादा, टाकीवरच्या पंख्याच्या वाऱ्यानं पाणी आटतं, मीठ मागंच राहतं. म्हणून पाणी कमी झालं की निळ्या कॅनमधलं गोडंच घालायचं. पांढऱ्यातलं खारं, ते मी आल्यावर पाणी बदलायला." दादांनी मान डोलावली होती.

आता बघते तर निळा कॅन काठोकाठ, पांढरा ठणठणीत!

"दादा, खारं घातलं?" अय्यूबमियांचा आवाजच फुटेना.

माझा मात्र फुटला. "म्हातारचळ लागला काय हो तुम्हाला? दोनदा सांगून गेले ना हे!"

"हात धजला नाय गो," दादा म्हणाले. "अवकाळी एक सर आली की आमचं वाफ्यातलं मीठ वाहून जायचं. गोड्या पाण्याला जन्मभर शिव्या घातल्या मी. तो निळा कॅन उचलला आणि परत खाली ठेवला. वाटलं, खारं आटलंय तर खारंच घालावं. मिठागरात तेच करायचो."

"अहो, पण तुम्ही रोज चाखता ना?" मी म्हटलं.

"चाखत होतो. रोज कणभर चढत गेलं, जिभेला कळलंच नाय." मग त्यांनी बोट पाण्यात घालून पुन्हा चाखलं आणि तोंडच उतरलं. "अय्यूब, मी मारलं रे त्यांना."

अय्यूबमियांनी निळा कॅन स्टुलावर चढवला, बारीक नळी लावली. "एकदम ओतलं तर त्या धक्क्यानंच जातील. थेंब थेंब सोडायचं."

"मी धरतो नळी," दादा म्हणाले.

मला वाटलं, हे आता त्यांना घराबाहेर काढणार. पण यांनी नळी त्यांच्या हातात दिली. मी आ वासून बघतच राहिले. दादा थेंबाथेंबाला डोळे मिटत होते, पण नळी सोडली नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारकी गेली. अय्यूबमियांनी तिला तळहातावर घेतलं तेव्हा दादा मान खाली घालून, चप्पल न घालताच निघून गेले. मला फार वाईट वाटलं, रागसुद्धा आला, कुणाचा ते कळेना. बारका वाचला. कोरलं हळूहळू उघडली, एक मात्र पांढरंफटक राहिलं.

दादा येईनासे झाले. मैना म्हणाली, जेवणावरून उठतात, पुन्हा मुके झालेत.

मग नातीच्या अकिक्याचं, म्हणजे जावळ काढून नाव ठेवायचं, रोह्याहून बोलावणं आलं. मी म्हटलं, टाकी माझ्या भाच्याकडं, उबेदकडं सोपवू. अय्यूबमियांनी काय करावं? चावी घेतली आणि तडक हैबतदादांच्या पडवीत!

मी मागून धावले. "डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? पुन्हा यांनाच?"

यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. चावी दादांच्या मुठीत ठेवली आणि मूठ मिटवली. दादांनी चावी घट्ट धरली. मग उठले, आमच्या घरात आले, टाकीसमोर उभे राहिले. बारका बिळातून डोकं काढून बघत होता. दादांनी निळ्या कॅनमधून पेलाभर पाणी काढलं.

"गोडं हेच ना, अय्यूब?"

"हेच, दादा."

यावेळी दादांचे डोळे उघडे होते. सगळा पेला त्यांनी हळूहळू पाण्यात सोडला.

मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "चला हो आता, एसटी चुकेल."