ओट्यावरचं आणि माजघरातलं

एरंडोलच्या त्या शाळेच्या संगणक कक्षाबाहेर एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर अध्यक्षांचं नाव आहे, देणगीदारांचं आहे, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचं आहे. माझं नाही. त्या खोलीतली चारही मशीनं मी सुरतेच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून घासाघीस करून उचलली होती. एसटीच्या टपावर नको म्हणून आतल्या सीटवर, एकेक करून मांडीवर घेऊन आणली होती. शाळेच्या दप्तरात माझी नोंद 'यंत्र दुरुस्ती' या सदरात होती. मी शिकवत होतो, पण माझ्याकडे बी.एड. नव्हतं, म्हणून मुलांनी मला सर म्हणायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी वर्गात येऊन सांगितलं. मुलं भाऊ म्हणायची. भाऊ वाईट नाही, पण ते मी निवडलेलं नव्हतं. मी दोंडाईचाच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्त करत मोठा झालो. दुकानात गिऱ्हाईक मला भाऊ म्हणालं तर मी खुशीत असे. शाळेत तेच ऐकलं की डोक्यात जायचं. आजही जातं.

हे सगळं नव्वदचं दशक संपत आलं तेव्हाचं. मुलींची वेगळी तुकडी मी भांडून सुरू करवली होती. मुख्याध्यापक म्हणाले, मुली कशाला, त्या मशीनला हात लावताना घाबरतील. मी म्हणालो, आठ द्या. ते म्हणाले, चार. सहावर तुटत आलं होतं, पण मी उठून दारापर्यंत गेलो, तशा आठ झाल्या. आठवीतल्या आठ मुली, चार मशीनं, एका मशीनवर दोघी. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि वर्ग सुटताना मशीनवर आपल्या हाताने झाकण टाकायचं. त्या मशीनला जपायच्या तसं मी कुणाला जपताना पाहिलेलं नाही. एकजण तर कळफलकावरची धूळ ओढणीच्या टोकाने, एकेका बटणावरून पुसायची.

इंटरनेटसाठी फोनची लाइन एकच होती, मुख्याध्यापकांच्या खोलीतली. तिची वायर मी खिडकीतून कक्षात आणली होती. जळगावचा नंबर लागला की तो किरकिर आवाज यायचा आणि आठही मुली गप्प व्हायच्या. ऑफिसात कुणी रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं. म्हणून प्रत्येक जोडीला दहा मिनिटं. माझं लक्ष घड्याळावर असायचं, पडद्यावर नसायचं. हे मी आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

एके दुपारी एक म्हातारे गृहस्थ कक्षाच्या दारात उभे राहिले. धोतर, बंडी, डोक्यावर टोपी. माझ्या तुकडीतल्या ओढणीने धूळ पुसणाऱ्या मुलीचे ते आजोबा. तिचं गाव फाट्यापासून आत दीड मैलावर, आणि त्या गावात, आजूबाजूच्या वीस गावांत, लोक त्यांना आबा म्हणायचे. सोयरिकी जुळवणारा माणूस. एरंडोलपासून शिरपूरपर्यंत कोणतं घर कोणाचं, कोणाची सून कुठली, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, कोणतं गाव, कोणाचा. मला मात्र त्यांनी गाव विचारलं नाही, अहिराणीत एवढंच म्हणाले,

"मशीनवाला तूच शे का?"

"हो."

"हाई वाच." त्यांनी बंडीच्या खिशातून एक आंतर्देशीय पत्र काढून माझ्यासमोर धरलं.

पत्र त्यांच्या नातीच्या नावाने आलं होतं, सुरतेहून. पोस्टमनने ते शिरस्त्याप्रमाणे आबांच्याच हातात दिलं होतं. 'भरीत खायला बोलावलंस म्हणून पंधरवड्याने रविवारी येतो. फाट्यावर उतरायचं, मारुतीच्या देवळामागे निळ्या दाराचं घर, बरोबर ना? दुपारी आजोबा मळ्यात असतात असं तू म्हणालीस, तेव्हाच येतो, म्हणजे निवांत बोलता येईल. तुझा नववीतला मित्र.'

"अक्षर देख," आबा म्हणाले. "हाई नववीनं पोरगं शे?"

नव्हतं. पक्कं, वळणदार, वहीखात्याची सवय असलेलं अक्षर होतं.

"मनी नातनं नाव काढी टाक. आजपासून ती येत नही. शाळातबी येत नही."

आतून आठही जणी ऐकत होत्या. ती खाली मान घालून झाकणाची घडी घालत होती, मोडत होती, परत घालत होती. मी तिला बाहेर बोलावून विचारलं, थोडं रागाने विचारलं, की एवढं सगळं कशाला सांगितलंस?

ती म्हणाली, "भाऊ, त्याने विचारलं ना."

"विचारलं म्हणून सगळं सांगायचं?"

"मोठं माणूस विचारतं तेव्हा सांगायचंच असतं. कोणतं गाव, कोणाची, घर कुठे. नाही सांगितलं तर म्हणतात, पोर उद्धट शे." मग आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आणि त्याने मला काय आवडतं तेपण विचारलं. ते कोणीच विचारत नाही."

भरिताचं आमंत्रण तिने मनापासून दिलं होतं. आमच्याकडे एवढं बोलणं झाल्यावर जेवायला न बोलावणं हाच अपमान. मीही तिच्या जागी असतो तर बोलावलं असतं. इंटरनेटवरच्या गप्पांच्या खोलीत, चॅटरूममध्ये, सगळ्यात आधी वय, मुलगा की मुलगी आणि गाव विचारतात, हे मला माहीत होतं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे एसटीतसुद्धा हेच विचारतात.

माझा राग आबांवर निघाला. खरं तर तो स्वतःवरचा होता.

"आबा, तुमची एकटी चुकली असेल तर घेऊन जा. पण आठही जणी हेच करतील. कारण हे तुम्हीच शिकवलंय."

"बठ्ठ्या पोरी अश्या नही शेतस."

"सगळ्या अशाच. लागली पैज?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. सौदा कसा करायचा ते त्यालाही येत होतं. ठरलं असं. आबांनी स्वतः अनोळखी माणूस होऊन मुलींना विचारायचं. एकीने जरी घरचा पत्ता द्यायला नकार दिला, तर त्यांनी नातीला घेऊन जायचं, मी तोंड उघडणार नाही. सगळ्यांनी सांगितलं, तर मला दोन महिने द्यायचे, मी त्यांना शिकवीन.

"पंधरा दिन," आबा म्हणाले. "तो रविवारे येवाले निंघेल शे. त्याना पहिले."

पंधरावर तोडलं.

विंडोजमध्ये एक छोटा प्रोग्राम होता. एका मशीनवर लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर उमटायचं. मी एक मशीन शेजारच्या प्रयोगशाळेत नेलं, मधून वायर टाकली, त्या मशीनचं नाव 'मित्र' ठेवलं. दुसऱ्या दिवशी आबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले. ते सांगत, मी टाइप करत असे, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. पलीकडच्या खोलीत मुली एकेक करून मशीनसमोर येत. त्यांना एवढंच सांगितलं होतं की बाहेरगावचं कोणीतरी बोलणार आहे.

आबांनी आपली कला लावली. आधी शाळेचं कौतुक. मग, तुमच्या गावाकडे कापूस कसा आहे. मग कोणतं गाव, कोणाची, घर देवळाच्या अलीकडे की पलीकडे. चौथ्या मुलीपर्यंत त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. पाचवीने वडील दुपारी जिनिंगला जातात तेही सांगितलं. सातवीने तर न विचारता सांगितलं की घराची किल्ली तुळशीच्या कुंडीखाली असते. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

आठवी त्यांची नात होती. ती कालच्या प्रकारानंतर एक शब्द लिहिणार नाही, असं मला वाटलं होतं. मी पैज हरायच्या बेतात होतो. आबा म्हणाले, "ईचार, बेटा, तुले काय आवडस."

मी टाइप केलं. पडद्यावर काही येईना. मग हळूहळू एकेक ओळ आली. तिला भूगोल आवडतो. नकाशे काढायला आवडतात. तिला एकदा समुद्र बघायचाय. आजोबांच्या मळ्यात केळीच्या मधोमध एक जागा आहे, तिथे बसून ती नकाशे काढते, आजोबांना माहीत नाही. आजोबा चांगले आहेत, पण आता ते बोलत नाहीत. आणि मग त्या मळ्याला कोणत्या बांधावरून जायचं, तेही.

मी वाचून दाखवत होतो. शेवटची ओळ मी जरा हळू वाचली.

आबांनी टोपी परत डोक्यावर चढवली. म्हणाले, "चूक तिनी नही. आमनी शे."

पुढच्या पंधरा दिवसांत मी मशीनला कमी आणि फळ्याला जास्त हात लावला. मला कोणी पुस्तक दिलेलं नव्हतं. मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ओटा, उजवीकडे माजघर. मी म्हणालो, अनोळखी माणूस दारात आला तर काय करता? त्या म्हणाल्या, ओट्यावर बसवतो, पाणी देतो. आत घेता का? नाही, घरातलं मोठं माणूस आल्याशिवाय नाही. मग हा पडदा म्हणजे ओटा, मी म्हणालो. इथे पाणी द्या. हवापाणी बोला, भूगोल बोला, भरीत कसं करतात ते सांगा. पण नाव, गाव, शाळा, घरी कोण कधी असतं, हे माजघर.

एकीने विचारलं, "भाऊ, आणि त्याने आधी स्वतःचं नाव-गाव सांगितलं तर?"

"तर तो चांगला असेल किंवा खोटारडा असेल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात."

"मग उद्धट नाही का वाटणार?"

"वाटू दे. माझ्या नावावर खपव."

सगळ्यात शेवटी मी सांगितलं ते मला स्वतःलाच जड गेलं. काही झालं, कोणी घाण बोललं, कोणी भेटायला ये म्हणालं, तर आधी मला सांगायचं. मी रागावणार नाही. पण माझा राग त्यांनी पाहिला होता. "फळ्यावर लिहा," त्या धूळ पुसणारीने म्हटलं. मी लिहिलं, 'भाऊ रागावणार नाही', आणि खाली सही केली. त्या दिवसापासून माझी खुर्चीही मी फिरवली. घड्याळाकडे पाठ, चारही पडद्यांकडे तोंड.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, आबा परत प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसले. या वेळी फक्त नातीला विचारायचं होतं. त्यांनी सगळं केलं. कौतुक केलं, कापूस काढला, समुद्राचा फोटो पाठवतो म्हणाले, पत्ता दे. पडद्यावर तिचं उत्तर आलं, 'पाणी देईन. नाव देणार नाही.' आबांनी परत विचारायला लावलं, तुले काय आवडस. उत्तर आलं, 'ते मी आता घरी सांगते.'

आबा हसले, पण मला वाटतं त्यांना थोडं लागलंही. आता ते ऐकायचं तर त्यांना घरीच विचारावं लागणार होतं.

तिचं नाव पटावर राहिलं. मुख्याध्यापकांनी मधल्या काळात मुलींची तुकडी बंद करायचा अर्ज तयार ठेवला होता. आबा स्वतः त्यांच्या खोलीत गेले आणि अर्ज फाडवून आले. तिथे काय बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही. मलाही बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आबांनी पत्रामागे लिहिलेल्या सुरतेच्या पत्त्यावर आधीच एक कार्ड टाकलं होतं. आपण कोणाचे, गाव कोणतं, वडिलांचं नाव काय, कळवावे. न्यायला मी स्वतः फाट्यावर येतो, सोबत चौघे असतील. कार्डाला उत्तर आलं नव्हतं. तरी ते चौघांना घेऊन सकाळपासून फाट्यावर बसले, आणि मीही गेलो. सुरतेकडून येणाऱ्या तीन गाड्या थांबल्या. ओळखीचेच लोक उतरले, आणि आबांनी त्यातल्या प्रत्येकाला सवयीने विचारलं, कोठून वना? संध्याकाळ होत आली तशी ते उठले.

"चाल घर," मला म्हणाले. "भरीत तं कबूल करेल शे. कोनीतरी खावाले पाहिजे."

देवळामागे निळ्या दाराचं घर. मी सवयीने ओट्यावर टेकलो. आबा आत गेले, परत बाहेर आले, आणि दंडाला धरून मला माजघरात घेऊन गेले. तिथे पाट मांडला होता. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, वरून कच्चं तेल आणि पातीचा कांदा. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, पेन्सिलीने काढलेला एक नकाशा चिकटवला होता. समुद्र निळ्या खडूने भरलेला. नात वाढत होती.

मी पहिला घास घेतला तेव्हा आबा समोर बसून म्हणाले, "आते सांग. तू कोना पोऱ्या? कोनतं गाव?"

तीन वर्षांत त्या शाळेत मला हे कोणी विचारलं नव्हतं. दप्तरात सदर होतं, त्यात मी होतो, तेवढं पुरे होतं. मी दोंडाईचा सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. स्टेशनाजवळची खोली, रेडिओचं दुकान, आई कशी गेली, लग्न का लांबलं, सगळं सांगितलं. मी स्वतः फळ्यावर रेघ मारली होती, तिच्या उजवीकडचं एकूण एक सांगून टाकलं.

नात भाकरी वाढता वाढता थांबून ऐकत होती. "आबा," ती म्हणाली, "भाऊनी बठ्ठं सांगी टाकं."

"सांगू दे," आबा म्हणाले. "तो घरमा शे."