पाठीवरचे सोळा बंद

ऐतिहासिक मालिकांमधून राजमाता होता होता तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले. स्टुडिओतला चहावालासुद्धा "राजमाता, साखर कमीच ना?" असं विचारायचा. तीन मालिका झाल्या, तीन वेगवेगळी राज्यं झाली, मुलगा मात्र दर वेळी नालायकच निघाला. घरचा तसा नव्हता. तो परमुलखात नोकरीला होता आणि दर रविवारी न चुकता चार मिनिटं फोन करायचा.

एकदा मासिकासाठी मुलाखती घेणाऱ्या एक बाई आल्या आणि सगळ्या नटांना विचारत फिरल्या, की जुन्या काळातल्या भूमिका करताना कसं वाटतं? राजा म्हणाला, कमरेला तलवार आली की चालच बदलते. सेनापतीने भाषेच्या डौलावर भाषण ठोकलं. एरवी चार वाक्यं पाठ करताना त्याला घाम फुटायचा. राजमातेने "मान ताठ राहते," असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

अशाच भूमिका धरून राहण्याचं तिचं खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या भरजरी झग्याला पाठीवर सोळा बंद होते आणि ते एकटीला बांधता येत नसत. कपडेपट सांभाळणारी मुलगी रोज पाऊण तास तिच्या मागे उभी राहायची. मानेवरचे केस बाजूला करायची, एकेक बंद ओढायची आणि विचारायची, "मावशी, घट्ट होतंय का?" नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दिवसभरात तिला हात लावणारं माणूस म्हणजे ही एवढीच. म्हणून आजच्या काळातल्या, घरूनच तयार होऊन यायच्या दोन चांगल्या भूमिका तिने सोडल्या होत्या. लोक म्हणाले, म्हातारीला मुकुटाचा सोस आहे.

पुढच्या सोमवारी झगा बदलून आला. बंद गेले, काखेखाली चेन आली. वेळ वाचणार म्हणून सगळे खूश. राजमाता दोन मिनिटांत तयार झाली आणि कपडेपटवाली राणीकडे पळाली. उरलेला वेळ राजमाता मुकुट मांडीवर घेऊन बसून राहिली. कॅमेऱ्याबाहेर त्या दिवशी तिच्याशी कुणी बोललं नाही.

मंगळवारी तिने जन्मात केला नव्हता एवढा भीत भीत अभिनय केला. "अगं, चेन अडकली बघ."

मुलगी धावत आली. चेन एका ओढीत वर गेली, तरी तिने सवयीने मानेवरचे केस बाजूला केले आणि घट्ट होतंय का, तेही विचारलं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत. बुधवारी चेन पुन्हा अडकली. गुरुवारीही अडकली.

शुक्रवारी मुलगी झगा घेऊन आली ती हसतच. आदल्या दिवशी घरी नेऊन तिने स्वतः नवी चेन बसवली होती, वर मेणही फिरवलं होतं.

"रोज किती ताप होत होता तुम्हाला, मावशी. आता कधी म्हणून अडकायची नाही."

राजमातेने तिचा हात दोन्ही हातांत धरला. "गुणाची आहेस गं," एवढंच म्हणाली. बाहेरून राणीची हाक आली तशी मुलगी हात सोडवून गेली.

चेन सरकन वर गेली. राजमातेने मानेवरचे केस आपल्याच हाताने बाजूला केले आणि हळूच विचारलं, "घट्ट होतंय का?"