अफशीनची चाल

बावड्यात लग्न ठरलं की आधी बादशाहमास्तरांची तारीख घ्यायची आणि मग मुहूर्त काढायचा, अशी रीतच पडून गेली होती. बँडपार्ट्या तालुक्यात छप्पन्न. पण वरात देवळापाशी आली की मास्तर क्लॅरोनेटवर जी चाल धरायचे, ती दुसऱ्या कुणाकडं नव्हती. तिचं नाव ‘अफशीनची चाल’. लेक जन्मली त्या पहाटे ती आपसूक ओठांवर आली, असं मास्तर सांगत. वीस वर्षं सांगून सांगून त्यांनाही ते बरंचसं खरं वाटू लागलं होतं.

चाल होती एका विलायती बँडची. तरुणपणी मास्तर क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती आणायला पुण्याला गेले, तेव्हा लष्कर भागातल्या एका दुकानात त्या बँडची नवी रेकॉर्ड लागली होती. गिटारच्या एका तुकड्यासाठी मास्तर तीन दिवस दुकानासमोर उभे राहिले आणि तो कानात भरून गावी घेऊन आले. विलायतेतलं बावड्यात कोण ऐकतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पंच्याण्णव साली ती रेकॉर्ड कॅसेटवर नव्यानं निघाली आणि बारामतीत आली. गावातले मोहनराव तिथं भजनाची कॅसेट घ्यायला गेले होते. आपल्याच वरातीतली चाल दुकानात ऐकून ते जागच्या जागी थबकले. कॅसेट घेऊन आले आणि पारावर सांगितलं, की गोऱ्यांनी आपल्या मास्तरची चाल चोरली. उजनी धरणावर पक्षी बघायला आलेल्या कुणा पाहुण्यानं वरातीत ऐकली असणार, हेही त्यांनीच ठरवलं. गाव पेटलं आणि मास्तरांचा जाहीर सत्कार ठरला. कॅसेटच्या डबीतल्या कागदावरचं इंग्रजी वाचायला बारावी झालेल्या अफशीनला बोलावलं. तिनं वाचलं आणि नुसती वाजवणाऱ्यांची नावं हायेत म्हणून सांगितलं. डबी सत्कारापर्यंत तिच्याकडंच राहिली.

मास्तरांना आठ दिवस घास गिळवेना. लोक रस्त्यात हात जोडत, तसतशी त्यांची मान खाली जाई. गावाची लाज एक वेळ सोसली असती. पण लेक लहानपणापासून येईल त्या पाहुण्याला सांगायची, ही माझ्या जन्माची चाल. तिला काय तोंड दाखवायचं, हे त्यांना कळेना.

सत्कारात खांद्यावर शाल पडली आणि मास्तरांना अंगाची आग झाल्यासारखं वाटलं. माइक हातात आला तेव्हा ते एवढंच बोलले, “ही चाल माझी न्हाय. त्यांनी न्हाय, मीच चोरलीया.”

मग मोहनराव उठले.

“ह्याला म्हणत्यात मोठेपणा. दुसऱ्याची चोरी सुदिक आपल्या अंगावर घेतली मास्तरनं.”

टाळ्या थांबेनात. मास्तरांनी घाईघाईनं टेबलावरची डबी उघडली. कागदावर साल असणार, लेकीच्या जन्माआधीचं. तेवढं दाखवलं की गाव मानेल. आत कॅसेट होती. कागद नव्हता.

घरी आल्यावर अफशीननं त्यांच्या खांद्यावरची शाल काढून घडी घातली. वर न बघता ती म्हणाली, “साल एकाहत्तर हाय, अब्बा. मी चौऱ्याहत्तरची. कागद मी वाचला त्याच दिवशी चुलीत घातला.”

मास्तर खाली बसले. पाणी देता देता ती हळूच म्हणाली, “तुमी खरं बोलाल असं वाटलं असतं, तर जाळला नसता.”