पंख्याची वायर

लाखनीच्या एका मिस्त्रीने दोन वर्षं राबून माझ्या जुन्या गाडीचं इंजिन नव्याने बांधलं. ते माझ्या भावाच्या दारापासून अर्ध्या किलोमीटरवर, नवरदेव आत बसलेला असताना, जळालं. मिस्त्रीने बिघडवलं असं लोक म्हणतात. त्याने बिघडवलं नाही, हे मला माहीत आहे.

मी दवाखान्याच्या औषध-भांडारात काम करते. यादी केल्याशिवाय माझ्याकडून कपाटाचं दारही उघडत नाही. गाडी चौकोनी, बुटकी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. तिच्यावरच मी चालवायला शिकले. दुसरी गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा घरचे म्हणाले, ही भंगारात देऊन टाक. मी दिली नाही. हायवेवर चढावर ट्रकच्या मागे अडकून रडतखडत चालणारी ही गाडी एकदा तरी मोकळी पळावी, एवढंच मनात होतं.

मिस्त्रीचं शेड हायवेलाच होतं. दिवसभर ट्रक आणि ट्रॅक्टर यायचे. मी वही उघडून काय काय करायचं ते वाचून दाखवलं, तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“मॅडम, हे सगळं तुम्हाले कोणं सांगितलं?”

“वाचलं. होते काय तुमच्याकडून?”

“वीस वर्षं झाले, कोणी असं काम घेऊन येते काय याचीच वाट पाहून राहिलो मी. सारे येते अन् म्हणते, फक्त चालू करून द्या.”

त्या दोन वर्षांतले रविवार माझ्या आयुष्यातले चांगले रविवार होते. आम्ही इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढलं, नागपूरच्या लेथवर जेमतेम पातळ थर उतरवून आणलं, म्हणजे कॉम्प्रेशन, आतला दाब, वाढतो. हवा आत जाण्याच्या वाटा मिस्त्रीने पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून हाताने गुळगुळीत केल्या. तेवढ्याला तीन रविवार गेले. मोठा कार्ब्युरेटर बसवला. धूर बाहेर जायला चार वेगळ्या नळ्या वाकवून एकत्र जोडल्या. कोणता नट कुठून निघाला, कुठे परत गेला, किती आवळला, हे सगळं माझ्या वहीत होतं. मिस्त्री त्यावरून चिडवायचा, “मॅडम, इंजिनले सलाइन लावून राहिले का हजेरी घेऊन राहिले?” पण मी खूण केल्याशिवाय पुढच्या नटाला हात लावायचा नाही.

जुना पंखा काढायचं माझ्या डोक्यातून निघालं. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा आणि इंजिनाची थोडी ताकद खायचा. त्याच्या जागी विजेचा पंखा लावला. पाणी तापलं की आपोआप सुरू, थंड झालं की बंद. बॅटरीपासून त्याला एक जाड वायर दिली. हायवेवर पळताना समोरून वारा येतो, तेव्हा पंख्याची फारशी गरज पडत नाही. गाडी हळू चालली किंवा उभी राहिली, तर मात्र त्या वायरीवरच सगळं अवलंबून.

पहिल्यांदा भंडाऱ्याच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, तेव्हा गाडीने मला सीटमध्ये मागे ढकललं. शेजारी बसलेला मिस्त्री दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून हसत राहिला. महिन्याभरात बातमी पसरली. अड्याळहून एक जण जुनी जीप घेऊन आला, कोणी जुनी अँबॅसडर आणली. मिस्त्रीने शेडच्या मागच्या बाजूला ‘जुन्या गाड्यांचे इंजिन काम’ अशी पाटी लावली. त्याला आता ट्रकखाली सरपटायचं नव्हतं. तो पन्नाशीला टेकला होता आणि त्याचं नाव होऊ घातलं होतं. ते नाव माझ्या गाडीच्या भरवशावर होतं.

त्याच उन्हाळ्यात भाचीचं लग्न निघालं. भावाचं घर आसगावला. आमच्याकडे वऱ्हाड जानोशावर, म्हणजे गावातल्या वेगळ्या घरी, उतरतं. तिथून नवरदेवाला मंडपापर्यंत आणायची गाडी नवरीकडच्यांची. भाऊ लाखनीला आला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, “तुझी गाडी पाहिजे. जुनी गाडी सजवली का राजासारखी दिसते.”

“मी आणते अन् मीच चालवते.”

“नवरदेवाची गाडी बाई चालवते काय वं? लोक थुंकतीन माझ्यावर.”

“मंग कोण चालवन?”

“आपला ट्रॅक्टरवाला. तो विमानबी चालवते.”

मी एका कागदावर सूचना लिहिल्या. एक, पाण्याची गरमी दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. दोन, काटा वर गेला तर थांबायचं. तीन, पंख्याचा आवाज यायला हवा. कागद डॅशबोर्डवर चिकटवला. सजावटवाल्यांनी त्यावर झेंडूच्या माळा आणि लाल मखमल टाकली. कागदही झाकला, काटाही. आणि मी, जी एका गोळीचाही हिशेब तोंडी घेत नाही, ट्रॅक्टरवाल्याला समोर उभं करून एक शब्द बोलले नाही. मंडपात ओवाळणीचं ताट लावत बसले.

वरात संध्याकाळी निघाली. मे महिना, डीजे पुढे, नाचणारे मध्ये, गाडी मागे, एका तासात दोनशे पावलं. मग डीजे चालूच राहिला आणि बायांमध्ये कुजबूज सुरू झाली, की गाडीतून धूर निघाला, नवरदेव खाली उतरला. शेवटचं अर्धं किलोमीटर तो पायी आला. शेरवानी घामाने भिजलेली, मागून त्याच्या काकाचा आवाज, “यापेक्षा बैलबंडी बरी होती!” वऱ्हाडात हशा झाला. भाऊ धावत पुढे गेला, हात जोडून म्हणाला, “लाखनीच्या एका मिस्त्रीनं इंजिनात काय करून ठेवलं कोण जाणे. आमच्या बहिणीले नसते नाद हायत.”

पुन्हा हशा झाला. मी नवरदेवाला ओवाळलं आणि लग्न पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीपाशी गेले आणि बॉनेट उघडलं. पाच मिनिटं पुरली. पंख्याची जाड वायर जोडातून काढलेली होती आणि तिच्या टोकाला काळ्या टेपने गाडीवरच्या लाइटच्या माळा जोडल्या होत्या. पंखा वरातभर फिरलाच नव्हता.

पुढे जे केलं ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. मी माळांची वायर सोडवली, टेप काढली, टोक पुसलं, पंख्याचा जोड परत बसवला आणि वर क्लिप लावली. सुटलेली वस्तू दिसली की ती जागेवर लावायची, हाताला तेवढंच ठाऊक. क्लिप बसल्याचा आवाज आला तेव्हा कळलं, की आता हे माझ्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.

भावाला मागच्या अंगणात गाठलं. “पंख्याची वायर कोणं काढली?”

“मीनंच काढली. लाइटले करंट पाहिजे होता. एक वायर काढली तर काय झालं?”

“त्यानंच इंजिन गेलं.”

त्याने इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोल. व्याही समोरच्या आंगणात हायत. एका वायरीपाई पोरीच्या बापानं नवरदेवाले पायी चालवलं, हे त्याहीले कळलं तर आयुष्यभर पोरीले ऐकवतीन. मिस्त्री का आपला सोयरा आहे?”

मी समोरच्या दाराकडे पाहिलं. भाची नुकतीच रडून बाहेर आली होती.

गाडी ट्रॅक्टरला बांधून लाखनीला आणली. मिस्त्रीने आधी पंखा तपासला. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं, म्हणून वायर बॅटरीला सरळ लावून पाहिली. पंखा फिरला. मग त्याने हेड काढलं. गॅस्केट फुटलेलं, पिस्टनवर ओरखडे. हेडवर लोखंडी पट्टी उभी ठेवून त्याने तिच्याखाली पातळ पत्ती सरकवली. ती सहज गेली. हेड वाकलं होतं. त्याने पट्टी उचलून दुसरीकडे ठेवली आणि पुन्हा पत्ती सरकवली.

“जास्तच घासल्या गेलं का मॅडम? दाब वाढला, गरमी वाढली. लेथवाल्याले मीच म्हटलं होतं, आणखी थोडं काढ.”

“उन्हाचे दिवस होते,” मी म्हणाले. “वरात हळू चालत होती.”

“पंखा तं चालू आहे ना. मंग ऊन काय करन?”

मी वहीत पाहण्याचं नाटक केलं. तो तीन दिवस स्वतःच्या कामात चूक शोधत होता. जुना हिशेब काढायचा, मोजायचा, पुन्हा मोजायचा. मी दवाखान्यातून निघाले की रोज त्याच्या शेडवरून पुढे निघून जायची. वरातीची गोष्ट पसरली, आठवड्याने अड्याळवाला आपली जीप अर्धवट खोललेल्या अवस्थेत टेम्पोत टाकून घेऊन गेला. पावसाळा लागेपर्यंत पाटी उतरली. मिस्त्रीने शेड भाड्याने दिलं आणि एका टायरवाल्याकडे पंक्चरच्या कामाला लागला.

भाची सासरी रुळल्यावर मी त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो टायरवर सोल्युशन लावत होता. हात थांबला नाही.

“थ्या दिवशी सांगितलं असतं तं बरं झालं असतं,” तो म्हणाला. मग ब्रश डब्यात बुडवून, “जोड तुम्हीच बसवला?”

“हो.”

“चांगला बसवला होता. मले समजलंबी नाही.” त्याने टायर उलटा केला. “मॅडम, मले काही नको. फक्त एक करा. चार लोकांत एकदा सांगा, मिस्त्रीची चूक नव्हती म्हणून.”

मी हो म्हणाले.

दिवाळीनंतर आसगावला मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. त्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात. भावाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. व्याही होते, शेजारी होते, भाची सासरहून आलेली होती. व्याह्यांबरोबर आलेल्या एका पाहुण्याकडे वडिलांची जुनी जीप होती. त्याने मला विचारलं, “ताई, तुमच्या गाडीचं काम केलं तो लाखनीचा मिस्त्री कसा आहे? जीपचं इंजिन बांधून घ्यायचं आहे. काम सोडलं म्हणते त्यानं, पण सांगितलं तर करन काय?”

याहून सरळ प्रश्न कोणी विचारला नसता. भावाने चहाचा कप तोंडापाशी थांबवला. भाची ट्रे घेऊन माझ्याकडेच पाहत होती. तिला वायरीबद्दल काहीच माहीत नव्हतं. फक्त आत्याने वाकडं बोलू नये, एवढंच तिला हवं होतं.

“हात चांगला आहे त्याचा,” मी म्हणाले. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी पुढे म्हणाले, “पण आता त्याच्याकडून एवढं होत नाही. तुम्ही नागपूरलेच दाखवा.”

पाहुण्याने मान हलवली आणि मला नागपूरच्या एखाद्या चांगल्या गॅरेजचा पत्ता विचारला. माझ्याकडे यादी होती. मी त्याला तीन पत्ते लिहून दिले.